दोन प्रश्न, एक पेंग्विन आणि मोटिफची अडचण : गिंपचे पहिले टेस्टर

२९ जुलै १९९५ रोजी बर्कलीतल्या एका विद्यार्थ्याने युजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या तेव्हाच्या चर्चाफलकांवर, एक विचारणा टाकली. समजा, फोटोशॉपच्या वळणावर चित्रं दुरुस्त करायचा प्रोग्राम कुणी लिहायला घेतला, तर त्यात काय काय असावं? आणि त्याने कोणकोणत्या प्रकारच्या फाइली उघडाव्यात? प्रश्न दोनच. विचारणाऱ्याचं नाव पीटर मॅटिस. 'मी लिहितोय' असं त्याने म्हटलं नाही, 'समजा कुणी' म्हटलं. कुतूहल म्हणून विचारतोय, कदाचित आणखीही काही असेल, अशी पुस्ती तेवढी जोडली. 'आमच्या ओळखीत एक मुलगा आहे' अशी सुरुवात करून स्थळ काढणारी माणसं आपल्याला माहीत आहेत. हा त्यातलाच प्रकार.

त्या 'कुणी'च्या प्रोग्रामचा पुढे गिंप झाला, फोटो-चित्रं दुरुस्त करायचा फुकट प्रोग्राम. आज लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीवर फोटो हाताळणाऱ्याला हे नाव सांगावं लागत नाही. पण गिंप चांगला की वाईट हा इथला विषय नाही. दोन हौशी पोरांनी आपला अर्धवट प्रोग्राम परक्या माणसांच्या हाती कसा दिला, कोण आलं, कोण आलं नाही आणि आलेल्यांमुळे पुढे काय झालं, एवढंच तपासायचं आहे.

तपासायचं कारण घरगुती आहे. माझ्याही लॅपटॉपवर दोन वर्षं एक प्रोग्राम पडून आहे. जुन्या फोटोंवरचे बुरशीचे डाग काढतो. कोकणातल्या घरात पत्र्याच्या पेटीत चाळीस पावसाळे काढलेले फोटो ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा उद्योग का सुचला ते सांगायला नको. मागच्या पावसाळ्यात नात्यातल्या नऊ जणांना तो पाठवला. 'जरा वापरून बघा, कसं वाटतं ते सांगा' असं सोबत लिहिलं. सात जणांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं, एकाने 'मस्त रे' लिहिलं. नववे आमचे मामा. त्यांच्याकडे शेवटी येतो.

पहाटेचे १७ मेगाबाइट

पीटर मॅटिस आणि त्याचा मित्र स्पेन्सर किम्बॉल हे दोघे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले. तिथे 'एक्स्पेरिमेंटल कंप्युटिंग फॅसिलिटी' नावाचा विद्यार्थ्यांचा एक अड्डा होता, त्यातले हे. गिंपच्या फाइलीला आजही 'एक्ससीएफ' हे शेपूट लागतं, ते त्याच अड्ड्याच्या आद्याक्षरांवरून.

सुरुवात कशी झाली ते दोघांनीच गमतीने लिहून ठेवलं आहे. कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या, विषयाचा प्रकल्प लिस्प भाषेत चालू होता. पहाट झालेली, झोपेचा पत्ता नाही. एका साध्याशा व्याकरणाचा पार्सर (वाक्यरचना उलगडणारा भाग) तयार करायला लिस्पला १७ मेगाबाइट मेमरी हवी होती. ती मिळाली नाही आणि प्रोग्रामने मान टाकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि प्रकल्प तिथेच सोडला. आता काहीतरी उपयोगाचं लिहायचं आणि सी भाषेत लिहायचं, असं ठरलं. ही हकीकत थोडी रंगवलेली असणार. पण त्यातला एक मुद्दा माझ्या कामाचा आहे: या कामाची मागणी कुणी केली नव्हती, त्याचे पैसे कुणी देणार नव्हतं, आणि त्यामुळे तपासायला ठेवलेली माणसंही नव्हती. हौशी माणसाचं असंच असतं. त्याच्याकडे वेळ असतो, ईर्ष्या असते. फक्त दुसरे डोळे नसतात.

म्हणून जुलैची ती विचारणा मला महत्त्वाची वाटते. 'तुम्हाला काय वाटतं' असं मॅटिसने विचारलं नाही. कोणती अवजारं, कोणत्या फाइली, असं विचारलं. असा प्रश्न आला की माणूस आपलं रोजचं काम डोळ्यांसमोर आणतो. जीआयएफ वापरणारा जीआयएफ मागतो, स्कॅनर असणारा टिफ मागतो. 'कसं वाटतं' या प्रश्नाला मात्र 'छान' एवढंच उत्तर येतं, आणि ते देणाऱ्याचीही चूक नसते.

बोलावणं

चार महिन्यांच्या आत, २१ नोव्हेंबर १९९५ रोजी, मॅटिसने जाहीर घोषणा केली. प्रोग्रामचं नाव होतं 'जनरल इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्राम'. 'जनरल'च्या जागी 'ग्नू' (मुक्त सॉफ्टवेअरचा एक प्रकल्प) नंतर आलं. ती घोषणा म्हणजे जवळजवळ किराण्याची यादी आहे. आयत, लंबगोल, हाताने रेघ ओढून आणि सारख्या रंगावरून निवड करता येते. चित्र फिरवता, ताणता, उलटवता येतं. ब्रश आहे, एअरब्रश आहे, क्लोन आहे. एकाहून जास्त पायऱ्या मागे जाता येतं. जीआयएफ, जेपेग, पीएनजी, टिफ उघडतात. पडदा फक्त २५६ रंगांचा असला तरी ठिपक्यांची सरमिसळ करून चित्र बऱ्यापैकी दिसेल, अशी सोय आहे. त्या काळी घरोघर तसेच पडदे होते, त्यामुळे ही ओळ ज्याने वाचली त्याला कळलं असणार, हे आपल्यालाही चालेल.

मग त्यांनी प्रोग्राम कुठे कुठे चालवून पाहिलाय ते सांगितलं: लिनक्स १.२.१३, सोलारिस २.४, आणखी एचपी आणि एसजीआयच्या यंत्रांवर. आणि सगळ्यात मोठी अडचण कोणती तेही घोषणेतच लिहून टाकलं. अडचण होती मोटिफ.

मोटिफ म्हणजे यूनिक्सवर (लिनक्सही त्याच घराण्यातलं) बटणं, मेनू, सरकपट्ट्या, खिडक्या काढून देणारं तयार साहित्य. ते विकाऊ होतं. विद्यापीठातल्या महागड्या यंत्रांवर ते मिळून जायचं, पण घरी लिनक्स घातलेल्या विद्यार्थ्याला विकत घ्यावं लागायचं, आणि लिनक्सवाले बरेचसे विद्यार्थीच होते. यावर तोड म्हणून, मोटिफचा लागेल तेवढा भाग आतच शिवून टाकलेली तयार प्रत देऊ, असं घोषणेत म्हटलं होतं. तशी प्रत आली आणि चाललीही. पण चपळ प्रत हवी तर मोटिफ विकत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

हा तपशील वरवर रुक्ष आहे, पण प्रकरणाचा अर्धा जीव यातच आहे. गिंप जीपीएल या मुक्त परवान्याखाली होता, सोर्स कोड खुला होता. म्हणजे टेस्टरला चूक दिसली तर त्याने ती उघडून पाहावी, दुरुस्त करावी, पाठवून द्यावी, असं हे निमंत्रण होतं. पण दुरुस्त केलेला प्रोग्राम पुन्हा बांधायला मोटिफ लागणार. ज्याच्याकडे ते नाही त्याला शिवलेली प्रत वापरायला मिळाली, चूकही दिसली, पण चुकीला हात लावता येईना. जेवायला बोलावलं, पान वाढलं, आणि स्वयंपाकघराला कुलूप. पाहुणा जेवतो, पण वाढायला उठत नाही.

पेंग्विन

०.५४ ही आवृत्ती १९९६ च्या सुरुवातीला आली. म्हणायला बीटा, पण रोजच्या कामाला वापरता येईल इतपत टिकाऊ. तिच्यात लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवता येणारे सुटे थर, नव्हते. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ पासून होते, त्यामुळे फोटोशॉपची सवय असलेल्याला हे खटकलं असणारच.

त्या ०.५४वर टेक्सासमधल्या लॅरी ऐविंगने एक पेंग्विन काढला. १९९६ साली लिनक्ससाठी चिन्ह शोधणं चालू होतं आणि लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्सला पेंग्विन हवा होता. ऐविंगने आधी काळ्यापांढऱ्यात रेखाटन केलं आणि मग त्यात रंग भरले. लेयर नसताना असं काम करायचं म्हणजे काय, ते जरा डोळ्यांसमोर आणून बघा. पोटाच्या पांढऱ्यावर सावली टाकायची तर आधी पोटाची कड निवडून घ्यायची, मग एअरब्रश हलक्या हाताने फिरवायचा. बिघडलं तर मागे जायचं, फार बिघडलं तर जपून ठेवलेली आधीची फाइल उघडायची. चोच वेगळ्या थरावर ठेवून नंतर सरकवण्याची चैन नाही. आज तो पेंग्विन नीट पाहिला तर पोटावरची ती मऊ छाया आणि चोचीवरची चमक एअरब्रशचीच वाटते.

चिन्हाच्या स्पर्धेत तो जिंकला नाही. जगभर पसरला मात्र तोच. ऐविंगने तो वापरायला परवानगी देताना एक अट घातली: कुणी विचारलंच तर माझं नाव सांगा आणि गिंपचं सांगा. कुणी विचारलंच तर! इतकी नम्र जाहिरात मी दुसरी पाहिलेली नाही.

ऐविंग 'गिंप कसा आहे ते बघू' म्हणून बसला नव्हता. त्याला पेंग्विन काढायचा होता. टेस्टर म्हणून मला अशीच माणसं हवी आहेत. ज्याच्या हाती स्वतःचं काम असतं, त्यालाच अवजाराची धार कुठे बोथट आहे ते कळतं. रिकाम्या हाताने आलेला फक्त मेनू उघडून बंद करतो.

बाजूचा दरवाजा

स्वयंपाकघराला कुलूप होतं तरी माणसं रमली, कारण बाजूला एक दरवाजा उघडा होता. गिंपमध्ये पहिल्यापासून प्लग-इनची सोय होती. प्लग-इन म्हणजे मुख्य प्रोग्रामपासून वेगळा चालणारा छोटा प्रोग्राम. गिंप त्याला चित्र देतो, तो त्याचं काहीतरी करतो आणि परत देतो. नवी फाइल उघडायची असो किंवा नवा परिणाम साधायचा असो, गाभ्याला हात लावावा लागत नाही. आणि नवशिक्याचा प्लग-इन कोसळला तरी तो एकटाच कोसळतो, उघडं चित्र शाबूत राहतं.

लोकांना हातभार लावायला सांगणं सोपं असतं. पण त्यांच्या चुकीने दुसऱ्याचं काम बुडणार नाही अशी जागा आधी करून ठेवावी लागते, आणि ती या दोघांनी केली होती. एका संध्याकाळी धूसरपणाचं एखादं नवं सूत्र लिहावं, चालवून पाहावं, चाललं तर इतरांना द्यावं, एवढं काम कुठल्याही विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं होतं. १.० येईपर्यंत प्लग-इनांची संख्या शंभराच्या पुढे गेली होती. स्कॅनरमधून थेट गिंपमध्ये फोटो आणायची सोयही याच वाटेने आली.

मोटिफचं कुलूपही शेवटी निघालं, पण त्याची किंमत मोजावी लागली. मॅटिस मोटिफला इतका वैतागला की त्याने बटणं-मेनूंचं साहित्य स्वतःच लिहिलं. नाव ठेवलं जीटीके, म्हणजे गिंप टूलकिट. जुलै १९९६ च्या ०.६० मध्ये ते आलं, सोबत लेयरही आले. पण ०.६० फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी होती, सर्वांनी वापरावी अशी नव्हती. म्हणजे चित्रं काढणारे जुन्या, टिकाऊ ०.५४वर आणि घडवणारे नव्या, डळमळीत ०.६०वर, अशी पंगत दुभंगली. पुढे फेब्रुवारी १९९७ मध्ये ०.९९ आली. तिच्यात प्लग-इन लिहिण्याची पद्धतच बदलली, म्हणजे आधी लिहिलेले प्लग-इन नव्याने जुळवून घेणं आलं. बदल्यात मिळालं भरपूर: छोट्या स्क्रिप्ट लिहून कामं आपोआप करून घेणं, आणि चित्राचे चौकोनी तुकडे पाडून मेमरीत आणण्याची युक्ती. १७ मेगाबाइटपाशी अडलेल्या पोरांचा प्रोग्राम आता १०० मेगाबाइटचं चित्र उघडत होता.

हा बदल अटळ होता हे मला पटतं. तरी टेस्टरच्या बाजूने पाहिलं तर एक गोष्ट खटकते. त्याने फुकट वेळ दिला, शिवाय एकदा लिहिलेलं परत लिहायचं कामही त्याच्याच गळ्यात. ज्यांनी ते केलं ते केवळ टेस्टर राहिले नाहीत. घर त्यांचंही झालं.

आणि ते झालं होतं म्हणूनच १९९७ च्या उन्हाळ्यात गिंप वाचला. किम्बॉल आणि मॅटिसचं शिक्षण संपलं, नोकऱ्या लागल्या, वेळ उरेना. आवृत्ती होती ०.९९.१०. प्रोग्रामच्या जन्मदात्यांनीच हात आखडता घेतला की हौशी प्रकल्प सहसा तिथेच थांबतो. इथे बाकीच्यांनी सूत्रं घेतली आणि मेक्सिकोच्या फेदेरिको मेनाने मेळ बसवला. ऑक्टोबर १९९७ मध्ये 'आता नवं काही घालायचं नाही, फक्त चुका काढायच्या' असं ठरलं आणि जून १९९८ मध्ये १.० बाहेर पडली. त्याआधीच जीटीके गिंपपासून वेगळं काढलं गेलं होतं आणि ऑगस्ट १९९७ मध्ये सुरू झालेल्या ग्नोम या डेस्कटॉपचा पाया झालं होतं. ग्नोम सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक हाच मेना. विकत घ्यावं लागणारं साहित्य नको म्हणून एका वैतागलेल्या मुलाने केलेली सोय अशी भलतीकडेच जाऊन रुजली.

जे आले नाहीत

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला गोड आहे. पण ज्याला बोलावणं पोचलं तोच आला, हेही खरं. बोलावणं पोचलं यूनिक्स वापरणाऱ्या, सी येणाऱ्या, कोड बांधू शकणाऱ्या माणसांना. छापखान्यात रंग वेगळे करणारा कारागीर, स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवणारा रिटचर, वर्तमानपत्राच्या फोटो विभागातला माणूस या पंगतीत नव्हता. कुणी मुद्दाम वगळलं नाही. त्यांच्या टेबलावर मॅक होता आणि घोषणा त्या टेबलापर्यंत गेलीच नाही.

त्याच्या खुणा पुढे कित्येक वर्षं दिसत राहिल्या. छपाईला लागणारे सीएमवायके (निळा, किरमिजी, पिवळा, काळा) रंग गिंपला फार काळ नीट जमत नव्हते. अशा रंगांच्या फाइली आत घेण्याची, बाहेर देण्याची बरी सोय झाली ती मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.०मध्ये. सुट्या तरंगणाऱ्या खिडक्यांचं घ्या. एकेक खिडकी हवी तशी मांडून बसणाऱ्या यूनिक्सवाल्याला त्यात काही वावगं वाटलं नसावं. विंडोजवरून आलेला माणूस मात्र हरवलेली अवजारपेटी शोधत बसायचा. सगळं एका खिडकीत मावायला २०१२ ची २.८ यावी लागली.

सिनेमावाल्यांचं प्रकरण आणखी बोलकं आहे. ते आले होते, आणि हात हलवत नव्हे. लॉस एंजेलिसच्या ऱ्हिदम अँड ह्यूज या स्टुडिओच्या आधाराने १९९० च्या दशकाच्या अखेरीला गिंपची एक शाखा तयार झाली. प्रत्येक रंगाला ८ ऐवजी १६ बिट, म्हणजे पडद्यावर आभाळाच्या निळ्यात पट्टे दिसू नयेत इतके बारीक टप्पे. ती शाखा मुख्य गिंपमध्ये कधी मिसळली नाही. तिचं फिल्म गिंप झालं, पुढे सिनेपेंट झालं. खुद्द गिंपमध्ये ८ बिटांच्या पलीकडचे रंग आले एप्रिल २०१८ मध्ये, २.१० या आवृत्तीत. आज रॉ (कॅमेऱ्यातून जसाच्या तसा उतरलेला) फोटो काढणारा कुठलाही हौशी छायाचित्रकार जी गोष्ट गृहीत धरतो, ती मागणारा माणूस वीस वर्षं आधी दारात उभा होता.

यात गुन्हेगार कुणी नाही. टेस्टर बोलावताना आपण नकळत पुढच्या प्रोग्रामचा स्वभावही ठरवत असतो, आणि तो नंतर बदलणं जड जातं, इतकाच माझा निष्कर्ष. किम्बॉल आणि मॅटिस पुढे गूगलमध्ये गेले आणि २०१५ मध्ये आणखी एका सहकाऱ्यासह त्यांनी डेटाबेसची कंपनी काढली. गिंप दुसऱ्यांच्या हातात आहे आणि चालू आहे.

मामा

आमच्या मामांचा तालुक्याच्या गावी तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आलं तसा बंद झाला. मी पाठवलेल्या प्रोग्रामवर त्यांनी अंगठा पाठवला नाही, काहीच पाठवलं नाही. आठवड्याने फोनच आला.

"अरे, डाग गेला. झकास गेला. पण आईचं गोंदण कुठं गेलं?"

"गोंदण?"

"हनुवटीवरचे तीन टिपके. तुझ्या त्या यंत्राला ती बुरशी वाटली. आईला कुणी ओळखणार नाही असा फोटो फ्रेम करून लावू का मी?"

वर्षश्राद्धाला लावायला त्यांना आजीचा फोटो मोठा करून हवा होता. नऊ जणांत एकट्या त्यांच्या हाती काम होतं. फोन ठेवून मी पेटीतले बाकीचे फोटो काढले. कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदण असलेल्या बायका अकरा निघाल्या. प्रोग्रामने त्यातल्या सात जणींचं पुसलं. बारीक, गोल, कडेला किंचित पसरलेला काळसर ठिपका, ही माझी बुरशीची व्याख्या गोंदणालाही तंतोतंत लागू होत होती.

"आणि आणखी एक," मामा म्हणाले होते, "तुम्ही लोक पुसायचंच बघता. आम्ही निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचो तेव्हा आधी गिऱ्हाइकाला विचारायचो, काय ठेवायचं ते."

नवं बोलावणं लिहून झालं आहे. या खेपेला ते नातेवाइकांना नाही, गावोगावच्या बंद पडलेल्या स्टुडिओवाल्यांना जाणार आहे. आधी मामांच्या ओळखीतले चौघे. प्रोग्राम कुठे चालतो, कुठे अडतो ते वरच लिहिलंय. प्रश्न दोनच ठेवलेत. तुमच्याकडच्या कोणत्या फोटोवर हे चालवून बघाल? आणि त्यात काय पुसलं जाता कामा नये?